तंबूपासून विनोह्राडीपर्यंत : प्राग रेडिओची शंभर वर्षे

प्रागच्या रेडिओने १८ मे २०२३ रोजी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने निघणाऱ्या आपल्या श्रोता मंडळाच्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास असलाच पाहिजे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता आणि तो रास्तच आहे. लघुलहरींच्या काळात आपल्यापैकी कितीतरी जणांनी रात्री उशिरापर्यंत सुई सरकवत प्राग पकडले. कार्यक्रम कसा ऐकू आला याचे अहवाल पोस्टाने पाठवले, तिकडून आलेली पोचकार्डे वहीत चिकटवून ठेवली. ज्या इमारतीतून ती कार्डे येत, तिच्या दारात आणि जिन्यांवर काय काय घडून गेले आहे, हे मराठीत सलगपणे सांगितलेले फारसे आढळत नाही.

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे संस्थापक, संचालक आणि वास्तू यांची यादी द्यायची, असा एक रिवाज आहे. ती नावे पुढे येतीलच. पण या संस्थेवर दोन वेळा परके सैन्य चालून आले आणि दोन्ही वेळा तिचा आवाज टिकला, तो कुणा एका पुढाऱ्यामुळे नव्हे. निवेदक, वार्ताहर, ध्वनिमुद्रण करणारे, प्रक्षेपण केंद्रावर रात्रपाळी करणारे, टेलिफोनच्या तारा जोडून देणारे अशा सगळ्यांनी मिळून तो टिकवला. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. हा इतिहास आधी त्यांचा आहे, अशी माझी धारणा आहे आणि त्याच धारणेने तो लिहिला आहे.

१९२३ ते १९३० : क्बेलीचा तंबू

पहिले महायुद्ध संपताना चेकोस्लोव्हाकिया हे नवे प्रजासत्ताक जन्माला आले. ते पाच वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा मिलोश च्त्रनात्स्ती हा पत्रकार, एदुआर्द स्वोबोदा आणि लादिस्लाव शोउरेक अशा काही उत्साही मंडळींनी रेडिओचा ध्यास घेतला. ब्रिटनमध्ये बीबीसी सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. यांच्याजवळ ना इमारत होती, ना स्टुडिओ. प्रागच्या वेशीवर क्बेली येथे विमानतळाचे बिनतारी संदेश केंद्र होते, तेथील प्रक्षेपक वापरायची परवानगी मिळाली. पण यंत्रांच्या घरघरीत गाणे कसे ऐकवणार? म्हणून बालवीरांकडून एक तंबू मागून आणला, तो शेजारच्या मोकळ्या जागेत ठोकला आणि १८ मे १९२३ च्या संध्याकाळी त्या तंबूतून पहिले प्रक्षेपण झाले. पुढच्याच महिन्यात ‘राडिओझुर्नाल’ या नावाने कंपनीची रीतसर स्थापना झाली.

सुरुवातीचे दिवस ओढगस्तीचे होते. शहरातून कलाकारांना क्बेलीपर्यंत न्यावे लागे. पाऊस आला की तंबूच्या कापडावरचा आवाज गाण्यात मिसळे. थंडी सुरू झाल्यावर मुक्काम लाकडी खोपटात हलवावा लागला. संच महाग आणि परवान्याची कटकट मोठी, त्यामुळे पहिले वर्ष संपले तेव्हा परवानाधारक श्रोते पन्नासही नव्हते. एवढ्या थोड्या माणसांसाठी रोज कार्यक्रम करत राहण्याला काय म्हणावे? ध्यास याहून वेगळा शब्द मला सुचत नाही. १९२५ मध्ये सरकारने कंपनीचे बहुसंख्य भाग आपल्याकडे घेतले आणि पैशाची चणचण कमी झाली. १९२४ मध्ये ब्रनो, १९२६ मध्ये ब्रातिस्लाव्हा, १९२७ मध्ये कोशित्से, १९२९ मध्ये ओस्त्रावा अशी केंद्रे उघडत गेली. फुटबॉल सामन्याचे धावते वर्णन १९२६ मध्येच योसेफ लाउफर यांनी सुरू केले आणि मैदानावर न जाताही सामना अनुभवता येतो हे लोकांना कळले. प्रांतोप्रांतीची ही केंद्रे चाळीस वर्षांनी किती मोलाची ठरणार आहेत, याची तेव्हा कुणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

१९३० ते १९३९ : दहा लाख श्रोते आणि एक धावते वर्णन

या दशकात संस्था भरभराटीला आली. विनोह्राडी या वस्तीतल्या मोठ्या रस्त्यावर बोहुमिल स्लामा या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार प्रशस्त इमारत उभी राहिली. पुढे विनोह्राड्स्का बारा हा तिचा पत्ता साऱ्या देशाला तोंडपाठ झाला. १९३१ मध्ये लिब्लित्से येथे शक्तिशाली प्रक्षेपक बसला. ३१ ऑगस्ट १९३६ पासून पोद्येब्राडी येथील लघुलहरी प्रक्षेपकावरून परदेशांसाठी कार्यक्रम सुरू झाले. आपण ऐकत आलो ते प्राग तेव्हापासूनचे. १९३७ मध्ये परवानाधारकांचा आकडा दहा लाखांवर गेला.

शेजारी हिटलर होता, त्यामुळे हे सुख फार टिकले नाही. २३ सप्टेंबर १९३८ च्या रात्री सर्वसाधारण लष्करभरतीचा हुकूम रेडिओवरून देशातल्या निरनिराळ्या भाषांत वाचला गेला आणि तो ऐकून माणसे सामान बांधून स्टेशनांकडे निघाली. आठवडाभरात म्युनिक करार झाला व लढण्याआधीच सीमाभाग गेला. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या.

त्याच महिन्यात वेन्सेस्लास चौकात जर्मन सैन्याचे संचलन झाले आणि त्याचे धावते वर्णन करण्याची सक्ती फ्रांत्यिशेक कोत्सोउरेक या लोकप्रिय निवेदकावर झाली. हातात ध्वनिक्षेपक, समोर रणगाडे आणि तोफा, आजूबाजूला जर्मन अधिकारी. कोत्सोउरेकने काय केले? तो बोलत राहिला. समोर जे दिसते तेच सांगत राहिला. सांगता सांगता म्हणाला की दुरून कुठून तरी एक मोठा काळा कावळा उडत आला आहे आणि चौकावर घिरट्या घालतो आहे. एवढेच. घराघरांतून ऐकणाऱ्या माणसांना त्यातले सारे काही समजले. पुढे त्याला अटक झाली आणि १९४२ मध्ये आउश्वित्झमध्ये त्याचा अंत झाला. या संस्थेच्या पत्रकारितेचा पहिला धडा मला या वर्णनात दिसतो: खोटे बोलायला नकार देण्याची जागा फार थोडी उरली असेल, तर तेवढ्या जागेत उभे राहायचे.

१९३९ ते १९४८ : ‘मदतीला या’

नाझी अमलाखाली रेडिओ जर्मनांच्या ताब्यात होता. परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरला आणि त्याला देहदंडापर्यंत शिक्षा होती. तशी सूचना छापलेले कार्ड प्रत्येक संचाच्या बटणाला अडकवून ठेवणे बंधनकारक होते. पुढे तर दुरुस्तीवाल्यांकरवी संचांमधला लघुलहरींचा भागच काढून टाकण्यात आला. लोकांनी त्यावरही तोड काढली. तारेच्या वेटोळ्याचा एक लहानसा जोड घरच्या घरी तयार करायचा, रात्री तो संचात बसवून लंडनहून येणाऱ्या चेक बातम्या ऐकायच्या आणि सकाळ व्हायच्या आत काढून लपवायचा. चर्चिलच्या नावावरून या जोडाला ‘चेर्चिल्का’ म्हणत. संच खोलून बसलेला श्रोता हाही या संस्थेच्या इतिहासातला कार्यकर्ताच आहे.

५ मे १९४५ ची सकाळ. बर्लिन पडले होते, पण प्रागमध्ये जर्मन फौजा अजून होत्या. सहा वाजता झ्देन्येक मान्चाल या निवेदकाने वेळ सांगताना जर्मन आणि चेक शब्दांची सरमिसळ केली आणि त्यानंतर निवेदने फक्त चेकमध्ये सुरू ठेवली. नियम होता दोन्ही भाषांचा. शहराने इशारा ओळखला. दुपारी इमारतीत शिरलेल्या एसएस सैनिकांशी झटापट सुरू झाली, तेव्हा साडेबाराच्या सुमारास रेडिओवरून हाक गेली की चेक पोलीस, चेक शिपाई, सारे रेडिओच्या मदतीला या. माणसे धावत आली, काही शेजारच्या घरांच्या छपरांवरून उतरली. जिन्यांवर, बोळांत, खोल्याखोल्यांत लढाई झाली. आतल्या कर्मचाऱ्यांनी दारांवरच्या जर्मन पाट्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या. त्यामुळे एवढ्या मोठ्या इमारतीत बोलण्याची खोली नेमकी कुठे आहे, हे सैनिकांना उमजेना आणि प्रक्षेपण चालू राहिले. दुसऱ्या दिवशी इमारतीवर विमानातून बॉम्ब पडला. तेव्हा विनोह्राडीतल्याच हुसपंथी चर्चमधून बोलायला सुरुवात झाली. या चार-पाच दिवसांत रेडिओपायी कित्येक माणसे गेली. त्यांच्या स्मृतीची पाटी आज इमारतीवर आहे.

स्वातंत्र्याची ही उमेद तीन वर्षे टिकली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता हातात घेतली आणि एप्रिलमध्ये रेडिओचे राष्ट्रीयीकरण झाले.

१९५० चे दशक

या दशकाविषयी थोडक्यात लिहितो. मिलादा होराकोवा यांच्यावरचा १९५० चा आणि रुडोल्फ स्लान्स्की यांच्यावरचा १९५२ चा, हे दोन्ही बनावट खटले रेडिओने देशभर ऐकवले. आरोपींनी पाठ केलेले कबुलीजबाब याच ध्वनिक्षेपकांतून घरोघरी पोचले. १९५३ मध्ये सरकारने तपासणीचे मध्यवर्ती कार्यालय काढले. त्याची स्थापनाही गुपचूप झाली. रेडिओवर जाणारा प्रत्येक मजकूर आधी लिहायचा, तपासनिसाकडे द्यायचा, त्याचा शिक्का उठला तरच वाचायचा. म्युनिकहून ‘रेडिओ फ्री युरोप’चे चेक कार्यक्रम सुरू झाले, तर ते ऐकू येऊ नयेत म्हणून खरखर सोडणारी यंत्रे देशभर उभी राहिली. संस्थेत त्या काळी कोणी कशाला होकार दिला आणि कोणाचे कोणाशी बिनसले, यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. नाटके, संगीत, मुलांचे कार्यक्रम यांत चांगले काम करणारी माणसे तेव्हाही होती आणि प्रामाणिक उच्चारांची परंपरा त्यांनी राखली, हे मात्र नोंदले पाहिजे.

१९६० चे दशक : वाइनरची माणसे आणि ऑगस्टची रात्र

या संस्थेच्या शंभर वर्षांतले हे सर्वांत तेजस्वी पर्व. त्याच्या केंद्रस्थानी आंतरराष्ट्रीय घडामोडींचा विभाग होता आणि विभागाचे प्रमुख होते मिलान वाइनर. नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला हा माणूस. त्यांनी भोवती जमवलेली मंडळी तरुण आणि तयारीची होती: व्येरा श्त्योवीच्कोवा आफ्रिकेतून वार्तांकन करून आलेल्या, यिर्झी दीन्स्तबीर आशियात वार्ताहर राहिलेले, शिवाय लुबोश दोब्रोव्स्की, यान पेत्रानेक, कारेल येझ्दिन्स्की. त्यांच्याच पिढीचे कारेल किन्त्सल आणि स्लावा व्होल्नी हेही तेव्हा रेडिओवर गाजत होते.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. सरकारी वृत्तसंस्थेकडून आलेले निवेदन जसेच्या तसे वाचायचे नाही. इतर वृत्तसंस्था काय म्हणतात, परदेशी वर्तमानपत्रे काय म्हणतात, आपला माणूस तिथे असेल तर तो काय सांगतो, हे सगळे ताडून पाहायचे आणि मग श्रोत्यापुढे मांडायचे. देशातल्या कारभारावर बोलणे तेव्हा अवघड होते. पण जगातल्या एखाद्या घटनेचे सरळ, पुराव्यानिशी वर्णन करायला शिकलेला श्रोता घरच्या घटनांकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. वाइनर यांनी बातमीदारांइतकेच श्रोतेही घडवले, ते असे. तपासनिसाचा शिक्का रोज लागतच होता. त्या शिक्क्याखालून जेवढे सत्य नेता येईल तेवढे ही मंडळी नेत राहिली.

जानेवारी १९६८ मध्ये अलेक्झांडर दुब्चेक पक्षाचे प्रमुख झाले आणि वारे फिरले. रेडिओची सूत्रे झ्देन्येक हेइझ्लार यांच्याकडे आली. मार्चमध्ये प्रागच्या एका भव्य सभागृहात तरुणांनी नेत्यांना तासन् तास प्रश्न विचारले आणि ते सारे रेडिओने थेट ऐकवले. लिहून आणलेले उत्तर वाचायची सोय कुणालाच नव्हती. रस्त्यांवरून चालणारी माणसे खिडक्यांखाली थांबून ऐकत. जून अखेरीस तपासणी कायद्यानेच रद्द झाली. आपल्याकडे आणीबाणीत वर्तमानपत्रांची कोरी सोडलेली जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगायला नको.

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा सीमा ओलांडून आत आल्या. पक्षाच्या अध्यक्षमंडळाने घाईघाईने निवेदन तयार केले: हे आक्रमण आमच्या संमतीवाचून झाले आहे. मध्यरात्र उलटून दोन वाजण्याच्या सुमारास व्लादिमीर फिशेर हे निवेदक ते वाचू लागले. सुरुवातीचे शब्द गेले आणि प्रक्षेपक बंद पडले. ते बंद करण्याचा हुकूम दूरसंचार खात्याचे प्रमुख कारेल होफमान यांनी दिला होता. पूर्वी कित्येक वर्षे ते याच रेडिओचे संचालक होते. फिशेर वाचत राहिले. कारण लहरींवरचा आवाज थांबला तरी तारांवरून घरोघरी जाणारी जोडणी चालू होती. ज्यांच्या भिंतीवर तारेचा रेडिओ होता त्यांनी निवेदन पूर्ण ऐकले आणि शेजाऱ्यांची दारे ठोठावली. पहाटे साडेचारच्या सुमारास तंत्रज्ञांनी प्रक्षेपक पुन्हा सुरू करवले.

सकाळी रणगाडे विनोह्राड्स्का रस्त्यावर आले. त्याआधीच लोकांनी बस, ट्राम, मालमोटारी आडव्या घालून रस्ता अडवला होता. बरेच जण तरुण होते, हातात झेंडे होते, शस्त्रे नव्हती. दारूगोळ्याच्या गाड्यांचे स्फोट झाले, समोरची घरे पेटली, गोळीबार झाला. एकट्या रेडिओच्या परिसरात पंधराहून अधिक माणसे प्राणाला मुकली. आतून निवेदक सांगत होते की बाहेर गोळ्यांचे आवाज येत आहेत, आमचा आवाज कोणत्याही क्षणी थांबेल, आणि ओळखीचे नसलेले आवाज ऐकू आले तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मग राष्ट्रगीत लावले.

सैनिक इमारतीत शिरले, खोल्या ताब्यात घेतल्या. आणि तरीही रेडिओ बोलत राहिला! प्लझेन, ब्रनो, ओस्त्रावा, चेस्के बुड्येयोवित्से... १९२० च्या दशकापासून एकेक करून उभी राहिलेली प्रांतिक केंद्रे आता साखळीने जोडली गेली. एका केंद्राने काही मिनिटे बोलायचे, मग पुढच्या केंद्राकडे सूत्रे द्यायची, सैनिक तिथे पोचेपर्यंत आवाज तिसऱ्याच गावातून यायचा. प्रागमध्ये गुप्त स्टुडिओ उभे राहिले. चेकोस्लोव्हाक लष्कराची काही प्रक्षेपण साधने आणि हौशी बिनतारी चालक यांचीही मदत झाली. टेलिफोन खात्यातल्या माणसांनी तारा जोडून दिल्या, ड्रायव्हरांनी ध्वनिफिती आणि निवेदक यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवले. कुठल्या खोलीतून आज बोलायचे हे कधी कधी निवेदकालाही शेवटच्या क्षणी कळे.

या आठवड्यात रेडिओने बातम्या तर दिल्याच, पण देशाचा कारभारही बराचसा त्याच्याच आधाराने चालला. रस्त्यांच्या पाट्या आणि घरांचे क्रमांक काढून टाका, असे सांगण्यात आले आणि बघता बघता प्राग बिननावाचे शहर झाले. धरपकडीसाठी निघालेल्या गाड्यांना पत्ताच सापडेना. १९४५ मध्ये इमारतीच्या दारांवरच्या पाट्या उतरवल्या होत्या, आता साऱ्या देशाच्या उतरल्या. गुप्त पोलिसांच्या गाड्यांचे क्रमांक रेडिओवर वाचले गेले. गुप्त केंद्रे हुडकून काढणारी यंत्रसामग्री घेऊन येणारी आगगाडी रखडवा, असे रेल्वे कामगारांना सांगितले गेले आणि त्यांनी ती रखडवली. पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी रेडिओवरची हाक ऐकून २२ ऑगस्टला विसोचानीच्या कारखान्यात कामगारांच्या वेशात जमले. शांत राहा, चिथावणीला बळी पडू नका, सैनिकांशी रशियनमध्ये बोला, हेही रेडिओच सांगत होता. रक्तपात आणखी वाढला नाही याचे मोठे श्रेय मी या सूचनांना देतो. आक्रमकांनी पूर्व जर्मनीतून ‘रेडिओ व्ल्तावा’ नावाचे केंद्र सुरू केले होते, पण त्याच्या निवेदकांचे मोडकेतोडके चेक ऐकून लोकांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले.

मुंबईच्या वाचकांना इथे १९४२ चे काँग्रेस रेडिओ आणि उषा मेहता यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. गोव्याच्या वाचकांना वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सालाझारच्या राजवटीविरुद्ध १९५५ पासून सहा वर्षे जंगलातून चालवलेला स्वातंत्र्याचा आवाज आठवेल. आपल्या सरकारने मात्र सुरक्षा परिषदेत या आक्रमणाच्या निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहणे पसंत केले होते. त्या तटस्थतेची रुखरुख मनात आहे आणि स्मरणिकेत ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पकडून मॉस्कोला नेलेल्या नेत्यांना तिथे करार करावा लागला आणि ते परतले. २७ ऑगस्टला दुब्चेक रेडिओवर बोलले तेव्हा मध्येच त्यांना शब्द फुटेनात. त्या लांबलेल्या विरामांत करारातल्या अटी श्रोत्यांना कळून चुकल्या. सप्टेंबरमध्ये मजकूर तपासणी परत आली. १६ जानेवारी १९६९ रोजी रेडिओच्या इमारतीपासून काही मिनिटांच्या अंतरावर यान पालाख या विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतले. त्याच्या दोनच मागण्या होत्या: तपासणी रद्द करा आणि आक्रमकांच्या वृत्तपत्रावर बंदी घाला. पुढे अनेक वर्षांनी उजेडात आलेल्या एका पत्रावरून दिसते की त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्याने रेडिओची इमारत ताब्यात घेऊन तेथून देशाला संपाची हाक द्यावी, असे विद्यार्थी पुढाऱ्याला सुचवले होते. फेब्रुवारीत मिलान वाइनर रक्ताच्या कर्करोगाने गेले.

१९७० आणि १९८० ची दशके : बॉयलरच्या खोलीतील पत्रकार

नव्या राजवटीने रेडिओची साफसफाई केली. वाइनर यांचा विभाग मोडला. ज्यांचे आवाज देशाला घरच्या माणसांसारखे ओळखीचे होते, त्यांना ध्वनिक्षेपकासमोर बसायची मनाई झाली. हेइझ्लार परदेशी गेले. व्होल्नी आणि येझ्दिन्स्की म्युनिकच्या ‘रेडिओ फ्री युरोप’मध्ये पोचले आणि तिथून मायदेशाशी बोलत राहिले. किन्त्सल तुरुंगात गेले, पुढे लंडनला. श्त्योवीच्कोवा भाषांतरे करत, पण ती दुसऱ्यांच्या नावाने छापावी लागत. पेत्रानेक आणि दीन्स्तबीर यांनी बॉयलरमध्ये कोळसा घातला. दीन्स्तबीर ‘चार्टर ७७’ या मानवी हक्क चळवळीचे प्रवक्ते झाले, तुरुंगातही गेले.

इमारतीत राहिलेल्यांनीही आपापल्या परीने काम केले, हे विसरून चालणार नाही. रात्री झोपण्यापूर्वी मुलांना गोष्ट सांगणारा ‘हायाया’ दोन्ही दशके रोज येत राहिला आणि कितीतरी पिढ्या ते ऐकत झोपल्या. १९७२ मध्ये ‘व्ल्तावा’ या नावाने साहित्य-संगीताचे केंद्र सुरू झाले. रेडिओ नाटकाचा दर्जा टिकून राहिला. १९८८ च्या अखेरीस ‘फ्री युरोप’वरची खरखर बंद झाली आणि लोकांना जुन्या निवेदकांचे आवाज पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागले.

१९८९ नंतरचे दशक

१७ नोव्हेंबर १९८९ रोजी विद्यार्थ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि राजवट कोसळू लागली. सुरुवातीचे काही दिवस रेडिओ दबकत होता. मग कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन खरे सांगण्याचा हक्क मागून घेतला. डिसेंबरमध्ये दीन्स्तबीर परराष्ट्रमंत्री झाले. मंत्रिपद मिळाले तेव्हा बॉयलरवर बदली माणूस मिळेपर्यंत त्यांना पाळी सोडता येत नव्हती, असे सांगतात. २३ डिसेंबरला त्यांनी पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गेन्शर यांच्यासह सीमेवरची काटेरी तार कापली. दोब्रोव्स्की पुढे संरक्षणमंत्री झाले. एका रेडिओ विभागातून दोन मंत्री निघाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९९१ च्या कायद्याने सार्वजनिक, सरकारपासून स्वतंत्र असा ‘चेक रेडिओ’ स्थापन झाला. देश दुभंगला तसा १९९२ च्या अखेरीस ‘चेकोस्लोव्हाक रेडिओ’ हे नाव इतिहासजमा झाले. १९९५ मध्ये ‘फ्री युरोप’ने म्युनिक सोडून प्रागलाच बिऱ्हाड हलवले, तेही रेडिओच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. त्याच वर्षी देशाच्या भूतकाळावरची ‘तोउल्की’ ही मालिका सुरू झाली आणि तिचे हजारावर भाग झाले.

२००० नंतर आणि आज

होफमान यांच्यावर प्रक्षेपक बंद करण्याबद्दल खटला चालला. २००३ मध्ये त्यांना कैदेची शिक्षा झाली. दुसऱ्या वर्षी ते तुरुंगात गेले आणि प्रकृतीच्या कारणास्तव थोड्याच आठवड्यांत सुटले. रेडिओ बंद करणे हा गुन्हा आहे, हे न्यायालयाने लिहून दिले याचे महत्त्व शिक्षेपेक्षा मोठे आहे.

३१ जानेवारी २०११ रोजी प्रागचे लघुलहरी प्रक्षेपण थांबले. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना तो दिवस लक्षात असेल. २०२१ अखेर मध्यमलहरीही बंद झाल्या. आज ‘राडिओझुर्नाल’ हे बातम्यांचे, ‘व्ल्तावा’ संस्कृतीचे आणि २०१३ मध्ये सुरू झालेले ‘प्लस’ चर्चा-विश्लेषणाचे केंद्र आहे. प्रादेशिक केंद्रांचे जाळे कायम आहे. परदेशांसाठीचे कार्यक्रम इंटरनेटवरून चेक, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन या भाषांत येतात. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ पासून त्यांत युक्रेनियनची भर पडली, आणि १९६८ अनुभवलेल्या संस्थेने हे करावे यासारखी आनंदाची गोष्ट नाही. प्रागला आलेल्या निर्वासितांना कागदपत्रे, घर, शाळा यांची माहिती त्यांच्याच भाषेत मिळू लागली.

शताब्दीनंतरच्या वर्षी, २०२४ मध्ये, दिग्दर्शक यिर्झी माड्ल यांचा ‘व्ल्नी’ हा चित्रपट आला. वाइनर यांचा विभाग, व्येरा श्त्योवीच्कोवा आणि ऑगस्टचे ते दिवस यांवर तो बेतला आहे. नायक तोमाश हा तंत्रज्ञ मात्र कल्पित आहे. दिग्दर्शकाने कथेचा धागा निवेदकाऐवजी तंत्रज्ञाच्या हाती दिला, ही निवड मला फार योग्य वाटते. कार्लोवी वारीच्या महोत्सवात त्याला प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि ऑस्करसाठी देशातर्फे तोच पाठवला गेला. तो पाहायला मिळाल्यास मंडळाच्या सभासदांनी चुकवू नये.

दर वर्षी २१ ऑगस्टला विनोह्राड्स्का बाराच्या दारात स्मरणसभा होते. मृतांच्या नावांच्या पाटीखाली फुले ठेवली जातात. रेडिओचे आजचे कर्मचारी, त्या दिवसांचे उरलेसुरले साक्षीदार आणि ज्यांनी त्यांना तेव्हा ऐकले ते वृद्ध श्रोते तिथे येतात, आणि सभेचे प्रक्षेपण रेडिओवरून होते.